मधल्या फळीतील माणूस
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ह्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, मराठ्यांच्या बंगालवरील स्वाऱ्यांवरही एक अवघड व्याख्यान येथील शेजाऱ्यांची क्षमा मागून पार पडले. त्यानंतर आम्ही फुटबॉल हा विषय सुचविला, तेव्हा कार्यकारिणीतील काही चेहऱ्यांवर उमटलेले भाव आम्ही पाहिले आहेत. एका ज्येष्ठ सभासदांनी तर, "अहो, निदान क्रिकेट तरी घ्या," अशी सूचना केली. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. मराठी माणसाच्या घरात क्रिकेटला देव्हाऱ्याची जागा आहे आणि फुटबॉलला अंगणाची. पण आपण राहतो ते कलकत्त्यात. कागदोपत्री त्याचे कोलकाता झाले, तरी आपल्या पिढीच्या तोंडी ते कलकत्ताच राहणार. ज्या शहरात मोहन बागान जिंकल्यास चिंगडीचा आणि ईस्ट बंगाल जिंकल्यास इलिशचा भाव चढतो, त्या शहरात पन्नास वर्षे मंडळ चालवून आपण फुटबॉलविषयी चकार शब्द काढू नये, हे आम्हांला बरे वाटेना.

शिवाय ह्या विषयाचे एक जुने देणे आमच्या डोक्यावर आहे. ते कसे झाले, हे प्रथम सांगतो.

२०२० सालचा वसंत आपणा सर्वांच्या स्मरणात आहे. २० मार्च रोजी पी. के. बॅनर्जी गेले. मग टाळेबंदी लागली, आणि ३० एप्रिलला चुनी गोस्वामीही गेले. सहा आठवड्यांच्या आत ह्या शहराचे दोन मानबिंदू नाहीसे झाले आणि लोकांना एकत्र जमून शोक करण्याचीही सोय उरली नाही. आमच्या शेजारी एक वृद्ध बंगाली गृहस्थ राहतात. त्यांची गॅलरी आणि आमची गॅलरी यांत जेमतेम दहा हातांचे अंतर. त्या संध्याकाळी ते गॅलरीत उभे राहून १९६२ च्या जकार्ताची कथा सांगू लागले, आणि सांगता सांगता अंतिम सामन्यात खेळलेल्या अकरा जणांची नावे बोटांवर मोजू लागले. गोलात थंगराज. मागे चंद्रशेखर, अरुण घोष, त्रिलोक सिंग. पुढे पी. के., युसुफ खान, जर्नेल सिंग, चुनी, बलराम. मध्ये प्रशांत सिन्हा, आणि... दहाव्या बोटाशी ते थांबले. दोनदा पुन्हा पहिल्यापासून मोजून पाहिले. "बोंबेर शेई छेले," ते म्हणाले, तो मुंबईचा मुलगा. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही तर मुंबईचे. तुम्हीच सांगा."

आम्हांला सांगता आले नाही.

मुंबईत लहानाचे मोठे झालो, कूपरेजच्या कुंपणाबाहेरून शेकडो वेळा गेलो. एकदा तर काकांचे बोट धरून आत टाटांचा सामनाही पाहिला. अजित वाडेकर कोणत्या कसोटीत किती धावांवर बाद झाले हे आजही विचाराल तर सांगू. पण आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात आपल्या शहरातून गेलेला हाफबॅक कोण, हे आम्हांला ठाऊक नव्हते. त्या रात्री शोध घेतला, तेव्हा ते नाव हाती लागले : फॉर्च्युनाटो फ्रँको.

आता थोडे खेळाविषयी. येथे बसलेल्या भगिनींपैकी कित्येकींना फुटबॉल आमच्याहून अधिक कळतो, हे आम्ही जाणतो. त्यांनी हा भाग सहन करावा. जुन्या काळी फुटबॉलमध्ये मागे दोन, मध्ये तीन आणि पुढे पाच अशी मांडणी असे. मधल्या तिघांना हाफबॅक म्हणत. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला आणि त्यानंतर त्या तिघांतला मधला माणूस हळूहळू मागे सरकून बचावात गेला. राहिले दोघे. १९५८ साली ब्राझीलने मागे चार, पुढे चार अशी रचना करून जगज्जेतेपद मिळविले, तरी मध्ये दोघेच राहिले. त्यांच्याकडे ते दिदी आणि झितो होते. म्हणजे मांडणी कोणतीही घ्या, त्या काळात मैदानाचा सर्वांत मोठा पट्टा दोन माणसांच्या पायांवर सोपविलेला असे. चेंडू आपल्या गोलाकडे येत असेल तर अडवायचा, अडविल्यावर हरवायचा नाही, मान वर करून पाहायचे आणि पुढच्याच्या पायात नेऊन ठेवायचा. दोघांपैकी एक पुढे गेला तर दुसऱ्याने थांबायचे, आणि हे एकमेकांना न विचारता व्हायला हवे. चुकले की मागच्या फळीसमोर भगदाड पडते आणि दोष बचावपटूंच्या माथी जातो. जमले की गोल होतो आणि नाव पुढच्याचे छापले जाते. गोलफलकावर गोल करणाऱ्यासाठी रकाना असतो. चेंडू कुणाच्या पायातून आला, याच्यासाठी त्या काळी रकाना नव्हता.

(आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात आरास कुणाची, हे सर्वांना ठाऊक असते. रात्री दोन वाजता बडा बाजारातून बांबूंची गाडी कोण आणतो, हे विचारा. असो.)

फ्रँको मूळचे बार्देशातील कोलवाळ गावचे. वाढले मुंबईत. गोव्याहून मुंबईस येणाऱ्या माणसाची ती जुनी वाट होती. धोबी तलावाच्या आसपास गावोगावच्या 'कुडी' होत्या. त्यांत खलाशी, स्वयंपाकी, वादक, कारकून उतरत, आणि त्यांच्याबरोबर फुटबॉलही उतरे. मुंबईच्या फुटबॉलचे अर्धे मनुष्यबळ ह्या वाटेने आले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. फ्रँको प्रथम पश्चिम रेल्वेकडून खेळले, नंतर टाटा स्पोर्ट्स क्लबकडून.

त्या काळच्या 'व्यावसायिक' खेळाडूचा व्यवसाय कोणता, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण आजच्या मुलांना कोट्यवधींचे करारच ठाऊक. तेव्हा आपल्या देशात खेळाडू नावापुरताही व्यावसायिक नसे. रेल्वे, पोलीस, टाटा, कॅल्टेक्स अशा ठिकाणी त्याला नोकरी मिळे, आणि त्या नोकरीच्या आधारावर तो खेळे. नोकरी हीच त्याची बिदागी आणि तीच त्याची पेन्शन. वेतनपत्रकावर एक हुद्दा आणि मैदानावर दुसरा, असे हे दुहेरी जीवन होते. परमुलखात नोकरीच्या बळावर उभे राहणे म्हणजे काय, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

१९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी निवडलेल्या भारतीय संघात फ्रँको होते. संघाचे कर्णधार पी. के. बॅनर्जी, मार्गदर्शक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. भारत हंगेरीकडून १–२ असा हरला, फ्रान्सशी १–१ बरोबरी झाली, पेरूकडून १–३ अशी हार झाली. ह्या तिन्ही सामन्यांत फ्रँकोंना एकदाही उतरता आले नाही. मधल्या फळीत म्हैसूरचे केंपय्या आणि राम बहादूर हे दोघे अनुभवी खेळाडू होते, आणि त्या काळी आजच्यासारखी बदली खेळाडू उतरविण्याची सोय नव्हती. इतक्या दूर जाऊन कुंपणापाशी बसून परत यावयाचे, ही गोष्ट तरुण खेळाडूला कशी लागली असेल, याची कल्पना करावी.

येथे आणखी एक गोष्ट आमच्या मनात येते. १९६० मध्ये हा तरुण भारताचा पोशाख घालून रोमला गेला, तेव्हा त्याचे जन्मगाव भारतात नव्हते. कोलवाळवर पोर्तुगालचा झेंडा होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, आणि त्यानंतर नऊ महिने लोटण्यापूर्वीच फ्रँको जकार्ताच्या मैदानावर उभे होते. ह्या वेळी गावही त्याच देशात होते, ज्याच्यासाठी ते खेळत होते. त्यांच्या मनात हा विचार आला होता की नाही, हा प्रश्न वेगळा; आमच्या मनात मात्र तो आल्यावाचून राहत नाही.

रहीमसाहेबांविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. ते पेशाने शिक्षक. हैदराबाद पोलिसांचा संघ त्यांनी घडविला आणि १९५१ च्या दिल्लीतील आशियाई सुवर्णापासून पुढे भारतीय संघ त्यांच्याच हाताखाली राहिला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, तोही त्यांच्याच काळात. त्या वेळी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारे नेव्हिल डिसोझा हेही मुंबईचेच. रहीमसाहेब मुलांसाठी अशा स्पर्धा भरवीत की, ज्यांत चेंडू पायाशी खेळवत नेण्यास बंदी असे. आला की लगेच दुसऱ्याला द्यावयाचा. दुसऱ्या काही स्पर्धांत केवळ दुबळ्या पायाने खेळावयाचे. पुढच्या फळीतील चमकदार मुलांना हे जाचक वाटत असणार. पण मधल्या फळीचा माणूस तयार करण्याची ह्याहून चांगली शाळा आम्हांला सुचत नाही.

जकार्ताची हकीकत आपणांपैकी अनेकांनी ऐकली असेल. २०२४ साली आलेल्या 'मैदान' चित्रपटामुळे ती नव्या पिढीलाही ठाऊक झाली. तरीही ती सांगितल्यावाचून आमचे समाधान होणार नाही. इंडोनेशियाने इस्रायल व तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. आशियाई स्पर्धांच्या संस्थापकांपैकी एक असलेले आपले गुरुदत्त सोंधी यांनी त्याला हरकत घेतली आणि ह्या स्पर्धांना आशियाई म्हणावे की नाही, असा प्रश्न उभा केला. त्याचा राग सगळ्या भारतीय पथकावर निघाला. आपल्या वकिलातीवर जमाव चालून गेला. भारताचा खेळाडू दिसला की हुर्यो होऊ लागली.

मैदानावरची सुरुवातही वाईट झाली. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २–० असे हरविले. पुढे थायलंडवर ४–१ आणि जपानवर २–० असे विजय मिळाले. पण थायलंडविरुद्ध बचावाचा आधारस्तंभ जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम होऊन सहा टाके पडले. रहीमसाहेबांनी काय करावे? टाके घातलेल्या त्या माणसाला त्यांनी घरी बसविले नाही, मागेही ठेवले नाही. आघाडीच्या फळीत मधोमध उभे केले. कॉलेजच्या दिवसांत जर्नेल पुढे खेळत असत, हे त्यांच्या ध्यानात होते. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३–२ असा निसटता विजय मिळाला. त्यात चुनींचे दोन गोल आणि जर्नेलचा एक.

४ सप्टेंबर १९६२. सेनायान मैदानावर सुमारे एक लाख प्रेक्षक, आणि ते जवळजवळ सगळे आपल्याविरुद्ध. राष्ट्रगीत सुरू असतानाही ओरडा थांबला नव्हता. आपल्या बाजूने ओरडत होते ते पाकिस्तानचे हॉकी खेळाडू, अशी आठवण त्या संघातील मंडळी पुढे आनंदाने सांगत असत. प्रतिस्पर्धी पुन्हा दक्षिण कोरिया. सतराव्या मिनिटाला पी. के. यांनी गोल केला, विसाव्या मिनिटाला जर्नेलनी. त्यानंतर सत्तर मिनिटे ही आघाडी राखावयाची होती.

ह्या सत्तर मिनिटांवर कुणी फारसे लिहीत नाही. आम्हांला मात्र सामन्याचा खरा भाग तोच वाटतो. बारा दिवसांच्या आतला पाचवा सामना, पाय जड झालेले; बचावातला सर्वांत भक्कम माणूस डोक्यावर पट्टी बांधून पुढे उभा; आणि समोर न थकता धावण्याबद्दल प्रसिद्ध असलेला संघ, ज्याने नुकतेच आपल्याला हरविले आहे. अशा वेळी कोरियाची प्रत्येक चाल आधी ज्या दोघांच्या अंगावर येत होती, ते प्रशांत सिन्हा आणि फ्रँको. कोरियाचा गोल झाला तो पंच्याऐंशीव्या मिनिटाला. त्याआधी पासष्ट मिनिटे तो होऊ दिला गेला नव्हता. २–१ असा सामना संपला. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगाने ग्रासले होते. ११ जून १९६३ रोजी ते निवर्तले. आशियाई स्पर्धांतील फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर आजतागायत भारताला मिळालेले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय निवडला, तिच्याकडे येतो. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. फुटबॉलसाठी पहिल्या सात वर्षांत तो ओळीने पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, चुनी गोस्वामी, जर्नेल सिंग, अरुण घोष, युसुफ खान आणि पीटर थंगराज यांना मिळाला. सातही जण जकार्ताच्या त्या अकरांतले. प्रत्येकजण पुरस्काराला सर्वथा पात्र. त्याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. राहिले चौघे : चंद्रशेखर, त्रिलोक सिंग, प्रशांत सिन्हा आणि फ्रँको. गोलरक्षकाला पुरस्कार आहे. बचावाला आहे. पुढच्या पाचही जणांना आहे. मधल्या फळीतील दोघांपैकी एकालाही नाही. मुद्दाम कुणी वगळले, असे आम्हांला म्हणावयाचे नाही, आणि तसे वाटतही नाही. एकाहून एक सरस नावे समोर असताना दर वर्षी निवड करणाऱ्यांची नजर मधल्या दोघांवरून पुढे सरकली असेल, इतकेच. कूपरेजवर काकांबरोबर बसलो असताना आमचीही नजर अशीच सरकली असणार. त्या दिवशीचा गोल आम्हांला आठवतो. बाकी खेळाडूंपैकी एकाचाही चेहरा आठवत नाही.

जकार्तानंतरही फ्रँको खेळत राहिले. १९६३–६४ च्या हंगामात महाराष्ट्राने मद्रासला संतोष करंडक जिंकला. त्या संघाचे नायक जकार्तातील त्यांचे सहकारी चंद्रशेखर होते. ते केरळचे, पण मुंबईत कॅल्टेक्सकडून खेळत. म्हणजे महाराष्ट्राच्या त्या विजयाची धुरा वाहणाऱ्यांत एक मल्याळी आणि एक कोंकणी बोलणारा गोवेकर. 'आपला माणूस' कुणाला म्हणावयाचे, याचा वाद घालणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. कलकत्त्यात जन्मलेली आपली मुले उद्या बंगालकडून खेळली, तर आपण त्यांना काय म्हणणार आहोत?

१९६४ साली आशियाई चषकाची स्पर्धा इस्रायलमध्ये झाली. ज्या देशाच्या नावावरून दोन वर्षांपूर्वी आपल्या खेळाडूंनी शिव्या खाल्ल्या, त्याच देशात जाऊन भारत उपविजेता ठरला. त्या संघात फ्रँको होते. क्वालालंपूरच्या मर्डेका स्पर्धेत १९६४ मध्ये भारत दुसरा आणि १९६५ मध्ये तिसरा आला; तेथेही ते होते. कारकिर्दीच्या अखेरीस ते गोव्याला परतले आणि साळगावकर क्लबकडून खेळले, त्या संघाचे नेतृत्वही त्यांनी केले. मुंबईला गेलेला गोवेकर शेवटी गावाकडे वळतो, ही देखील जुनीच वाट. ज्यांना ती साधते, त्यांचा आपल्याला थोडा हेवा वाटतो, हे कबूल केले पाहिजे.

१० मे २०२१ रोजी, करोनाची दुसरी लाट भरात असताना, फ्रँको गोव्यात वारले. वय ८४ वर्षांचे होते. त्या दिवसांत वृत्तपत्रांची पाने निधनवार्तांनीच भरलेली असत. त्या गर्दीत ही बातमी आम्हांला एका कोपऱ्यात सापडली. संध्याकाळी गॅलरीत जाऊन आम्ही शेजाऱ्यांना हाक मारली आणि सांगितले, "दादा, तुमचा तो मुंबईचा मुलगा गेला." त्यांनी नाव विचारले. आम्ही सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग "फ्रँको, फ्रँको" असे दोनदा म्हणून त्यांनी बोटे पुढे केली आणि थंगराजपासून मोजावयास सुरुवात केली.

मंडळाच्या ग्रंथालयात क्रिकेटवरील पुस्तकांनी एक संपूर्ण फळी भरलेली आहे. फुटबॉलवरचे मराठी पुस्तक आम्हांला तेथे एकही आढळले नाही. आपणांपैकी ज्यांनी साठच्या दशकात कूपरेजवर वा येथील मैदानावर सामने पाहिले असतील, त्यांनी आपल्या आठवणी चार ओळींत का होईना लिहून कार्यवाहांकडे द्याव्यात, अशी आमची विनंती आहे. त्यांत हाफबॅकविषयी काही असेल, तर ते कागद आम्हांला आधी वाचावयास मिळावेत.